किंमत वाढवणारी हकीकत

पिराजी सुतारांनी आगपेटीच्या काडीला तेलाची चिंधी गुंडाळली, ती रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमधल्या चौथ्या घरात घालून फिरवली, बाहेर काढून नाकाशी धरली. मग चिंधीवरची काळसर घाण दोन बोटांत चोळून त्यांनी एक बोट जिभेला लावलं. रुद्रेशला आधी आपल्याला भास झाला असं वाटलं. "हितनं एक उडालीया," ते म्हणाले. "बाकीची चार घरं बगा, आरशावानी हाईत. ह्या एकात खड्डं पडल्यात. गोळी उडवली आनि रिकामी पुंगळी तशीच आत ठेवली, म्हैना-दोन म्हैनं. दारूची राख लोखंड खाती, पावणं. कुनी पुसलं न्हाय ते." एवढं बोलून त्यांनी ते बोट पँटला पुसलं आणि टेबलावरच्या कागदातल्या भडंगाचा बकाणा तोंडात टाकला. एक तेलकट चुरमुरा त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला चिकटून राहिला आणि ते बोलायला लागले की हलायला लागला.

कोल्हापुरातल्या बंदुकांच्या दुकानामागची ही खोली बारकी होती, खिडकी नव्हती, वर ट्यूबलाइट. वडिलांना, आप्पांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. परवानेदार मेला की हत्यार दुकानात जमा करायचं, म्हणून मल्लेशने, रुद्रेशच्या थोरल्या भावाने, ते तेव्हाच इथं आणून ठेवलं होतं. आता दोन हजार दोन सालचा फेब्रुवारी चालू होता आणि पुण्याचं एक गिऱ्हाईक आलं होतं, जुन्या हत्यारांचा शौक असलेलं. पिराजी फौजेच्या वर्कशॉपमध्ये पंचवीस वर्षं हत्यारं दुरुस्त करून निवृत्त झालेले. ते सांगतील ती जात आणि ते म्हणतील ती किंमत, असं दुकानात सगळे मानायचे. त्यांनी भिंग रुद्रेशच्या हातात दिलं. "हे मुकुटाचं शिक्कं दिसत्यात न्हवं? विलायतेत चाचणी करून मारत्यात. आनि हा नंबर चौकटीवर, तोच नंबर सिलिंडरवर. म्हंजे काय बदललेलं न्हाय. वेब्ली कंपनीचं हाय. बुलडॉग म्हनत्यात ह्या जातीला. अठराशे नव्वदच्या आगंमागंचं." भिंगातून रुद्रेशला शिक्का दिसला नाही. शिक्क्याच्या खाचेत बसलेला मळ दिसला, तपकिरी, नखातल्या मळासारखा. हा मळ कुणाचा असेल, आप्पांच्या तळव्याचा असेल, असं मनात आलं आणि त्याने भिंग खाली ठेवलं. मल्लेश त्याच्याकडे बघत नव्हता. मल्लेश ट्यूबलाइटकडे बघत होता.

"असं नुसतं इकलं तर ऐंशी हजार," पिराजी म्हणाले. "कलेक्टर हापिसाची परवानगी मी बगतो. पर त्या पुन्याच्या मानसाला नुसतं लोखंड नको आसतंय. कुनाचं हुतं, कवा उडालं, कशावर, त्येची हकीकत लागती. घरच्यांच्या सह्या घालून, स्टॅम्पपेपरवर. रानडुक्कर मारलं आसंल तर धा-पंधरा हजार वाडवून दील." ते थांबले, तोंडातलं संपवलं. "मानसावर उडालं आसंल तर दुप्पट. उगंच न्हाय सांगत. मागं एक तलवार अशीच गेली."

मल्लेश म्हणाला, "बघतो की. घरात विचारून सांगतो." आवाज गुळाच्या सौद्यात असायचा तसाच होता, घाई नसलेला. घरात विचारायला कुणी उरलं नव्हतं. त्यांची आई, अव्वा, आप्पांच्या आधी सहा वर्षं गेली होती.

बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांत गेलं. शाहूपुरीच्या बाजूने गुळाचा वास येत होता, हंगामात तो येतोच, आणि पंचेचाळीस वर्षांच्या रुद्रेशने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली. गुळाचे व्यापारी असलेल्या घरातला तो एकटा माणूस चहात साखर घ्यायचा, पुरणपोळीला नको म्हणायचा. भावकीत त्याची चेष्टा व्हायची, मास्तर झाला म्हणून गूळ गोड लागंना झाला. तोही हसायचा. शाळेत गणित शिकवताना फळ्यावर उसाच्या भावाची उदाहरणं आली तर तो ती केळ्यांची करून घ्यायचा. कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. माणूस किती लहान लहान युक्त्या करून पस्तीस वर्षं काढू शकतो, आणि त्या युक्त्यांनाच आपला स्वभाव म्हणू लागतो, हे त्याला त्या उन्हात उभं असताना पहिल्यांदा कळलं, आणि स्वतःच्या स्वभावाची किळस आली.

मुरगूडजवळच्या रानात त्यांचं गुऱ्हाळ होतं. सहासष्ट सालचा माघ महिना असेल. रुद्रेश नऊ वर्षांचा. मल्लेश कोल्हापुरात बोर्डिंगला. ज्ञानू गुळव्या होता, म्हणजे काहिलीतला रस कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस, सगळं गुऱ्हाळ त्याच्या डोळ्यावर चालायचं. रुद्रेशला तो उलथण्यावरचा गरम गूळ पाण्यात टाकून द्यायचा, त्याची चिक्कीसारखी गोळी व्हायची. त्या दिवशी कोल्हापूरहून पाहुणे आले होते, कुठल्या तरी कचेरीतले साहेब, सोबत दोघं. रस पिऊन झाला, कणसं खाऊन झाली, आणि आप्पांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी गाडीतून रिव्हॉल्व्हर काढलं. संस्थानातल्या एका कारभाऱ्याकडून घेतलेलं, असं ते सांगायचे. साहेब हसले, म्हणाले, चालतं का तरी. आप्पा म्हणाले, रुद्रा, ते गाडगं ठेव जा वर. चिपाडाचा ढीग होता, रस काढून वाळवलेल्या उसाचा, जळणासाठी रचलेला, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीचा. रुद्रेशने कडेच्या उतरणीवर गाडगं ठेवलं. उतरताना त्याला ढिगाच्या पलीकडे ज्ञानू वाकून चिपाडं ओढताना दिसला. मुंडासं दिसलं, पाठ दिसली. तो पळत आप्पांकडे आला आणि काही बोलला नाही. का बोलला नाही हे त्याला नीट माहीत होतं. बोललं असतं तर आप्पा थांबले असते, साहेब घड्याळ बघून उठले असते, आणि मग आवाज ऐकायला मिळाला नसता. त्याला आवाज ऐकायचा होता. तो झाला. गाडगं तसंच राहिलं. पाहुणे हसले. ढिगामागून आधी काही नाही, मग कुणी ओकारी काढल्यासारखं.

गोळी पोटात लागली होती. ज्ञानू दोन दिवस जगला. पाहुणे त्याच वेळी निघून गेले होते, गाडी वळवताना एकाने खिडकीतून कणसाचं बुरकुंड टाकलं होतं. गावच्या पाटलासमोर आप्पांनी रुद्रेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि रुद्रेशने सांगितलं, चंद्र्या बैलानं शिंग खुपसलं. मी बघितलं. पाटलांनी दोनदा विचारलं, त्याने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तर त्याने बैलाने मान कशी फिरवली तेही करून दाखवलं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चंद्र्याला तो स्वतःच्या हाताने उसाचं हिरवं वाढं घालायचा. आठवड्याने त्याला बाजारात नेलं, मारका म्हणून कमी भावात गेला, कसायालाच गेला असणार. सोळाव्या वर्षी एकदा चुलीपाशी बसून रुद्रेश अव्वाला सगळं सांगायला लागला तेव्हा तिने लसूण सोलता सोलता हात त्याच्या तोंडावर दाबला. "सुम्ने इरो," ती कानडीत म्हणाली. राग नव्हता, विनवणी नव्हती, पोराच्या तोंडावरची माशी हाकलावी तसं ते गप्प बसवणं होतं. नंतर बराच वेळ ओठांना लसूण लागत राहिला.

रात्री जेवण झाल्यावर मल्लेशचा फोन आला. "रुद्रा, तिथं तूच होतास. मी बोर्डिंगला. तुझ्याच शब्दांत लिही. पस्तीस वर्षं झाली, आप्पा गेले, आता केस-बिस काय होत न्हाय, वकिलाला विचारलंय मी." म्हणजे वकिलालाही सांगून झालं होतं. जी गोष्ट घरात कुणी उच्चारली नाही, ती आता दुकानदार, मूल्य ठरवणारा, वकील, पुण्याचा शौकीन यांच्यात फिरणार होती. रुद्रेश म्हणाला, "मी लिहिणार न्हाय." आणि दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी उठून लिहायला बसला. त्याला लिहायचंच होतं. कोणी तरी पहिल्यांदा म्हणालं होतं, सांग. ते कशासाठी म्हणालं होतं हे त्याने बाजूला ठेवलं. चार पानं झाली. अक्षर उत्तरपत्रिकेसारखं नेटकं आलं, समास सोडलेला. वाचून पाहिल्यावर कळलं, त्यात सगळं होतं, चंद्र्या होता, कणसाचं बुरकुंड होतं, फक्त ढिगामागचं मुंडासं आपण पाहिलं होतं हे नव्हतं. हात आपोआप त्याला वळसा घालून गेला होता. बराच वेळ बसून त्याने समासात ते वाक्य लिहिलं. लिहून झाल्यावर हलकं वाटलं, आंघोळीनंतर वाटतं तसं, आणि मग त्या हलकेपणाचीच शिसारी आली. माणूस मेला होता आणि याला छान वाटत होतं.

मल्लेशने अडत दुकानातल्या गादीवर बसून चारही पानं वाचली. शेजारी गुळाच्या ढेपा रचलेल्या, त्यांच्यावर माश्या, हमाल येत-जात होते. वाचताना त्याचे ओठ हलत होते. संपल्यावर त्याने पानं नीट जुळवली.

"हे कसं चालंल," तो म्हणाला. "नेम गाडग्यावर धरला आणि मागं गुळव्या मेला. ह्याला कोण पैसे देतंय? आणि आप्पांचं काय राहतंय ह्यात?"

"झालं ते असंच."

"झालं असंल की. मी कुठं न्हाय म्हणतोय." त्याने गादीखालून टाइप केलेला स्टॅम्पपेपर काढला. "तू फोनवर न्हाय म्हणालास, म्हणून मी करून घेतलं. वाच."

रुद्रेशने वाचलं. माघ महिन्यात गुऱ्हाळावर दरोडा पडला. आमचे वडील कैलासवासी ईरप्पा यांनी जिवाची पर्वा न करता सदर रिव्हॉल्व्हरमधून एकच गोळी झाडली व ज्ञानू नावाचा दरोडेखोर जागीच ठार झाला. पुढे आणखी काही होतं, मजुरांचे प्राण वाचल्याबद्दल. रुद्रेश त्या एका नावावर थांबला. दुसरं कुठलंही नाव घालता आलं असतं.

"ज्ञानू कशाला लिहिलंस?"

"पिराजी म्हणाले, नाव खरं घालावं. कुणी चौकशीला गेलं तर त्या नावाचा माणूस त्या साली मेलेला सापडायला पाहिजे."

हे मल्लेशने इतक्या साधेपणाने सांगितलं की रुद्रेशला क्षणभर त्यात काही वावगं दिसेना. हिशेब बरोबर होता. मग ढेपांवरच्या माश्या एकदम उठल्या आणि परत बसल्या, आणि त्याला आपल्या तोंडात पिराजींचं ते बोट असल्यासारखं वाटलं, तेल, राख, भडंगातला लसूण. मल्लेशच्या गळ्यातलं इष्टलिंग शर्टाच्या उघड्या बटणातून लोंबत होतं. आप्पांचंही असंच लोंबायचं, हिशेबाला वाकले की. रोज सकाळी ते तळहातावर घेऊन अर्धा तास डोळे मिटून बसणारा माणूस होता तो. तोच तळहात.

"वारस दोघं, सह्या दोघांच्या लागतात," मल्लेश म्हणाला. "निम्मे तुझे हायत. पोरीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची हाय न्हवं तुला." पेन पुढे करताना त्याने ती चार पानं रुद्रेशच्या मांडीवर ठेवली. "हे घेऊन जा. मी फाडत न्हाय. समासातलं वाचलं मी. ते तू कुणाला दाखवू नकोस. माझा भाऊ हायस म्हणून सांगतो." आवाजात खरंच माया होती. हीच गोष्ट नंतर रुद्रेशला सगळ्यात असह्य वाटली. धमकी असती तर तो उठून गेला असता, निदान तसं त्याला म्हणता आलं असतं. त्याने सही केली. खाली नाव, तारीख. शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर करतो तशीच सही, शेवटच्या अक्षराचा काना जरा लांब.  बाहेर येऊन स्कूटरला किक मारताना त्याला आठवलं की नऊ वर्षांचा असताना पाटलांसमोरही तो असाच चुकला नव्हता.

व्यवहार आठ दिवसांत झाला. परवानगी आली, पुण्याचा माणूस स्वतः आला. रुद्रेश गेला नाही. मल्लेशने त्याच्या खात्यात पैसे भरले आणि फोनवर सांगितलं की गिऱ्हाईक फार खूश होतं, हकीकत त्याने दोनदा मोठ्याने वाचायला लावली. फोन ठेवून रुद्रेश मोरीत गेला, हात धुतले, साबण लावून परत धुतले. मग कपाटातून चार पानं काढली आणि उचगावला निघाला.

ज्ञानूची बायको बनाबाई तिथं रेल्वे फाटकाच्या अलीकडे लेकीकडे राहत होती. घर त्याला माहीत होतं, कारण आप्पा दर दिवाळीला तांदळाचं पोतं आणि गुळाची ढेप पाठवायचे, एक-दोनदा ते त्यानेच पोचवलं होतं, दारात ठेवून आत न जाता. आप्पा गेल्यावर ते बंद झालं. आज लेक-जावई कामावर गेले होते. म्हातारी अंगणात सुपात तूर पाखडत होती. सत्तरीपुढची, एका डोळ्यात फूल पडलेलं. तिने त्याला ओळखलं आणि उठली नाही.

"धाकलं न्हवं तुमी? मास्तर."

"व्हय."

"पोतं आनलंय व्हय?"

"न्हाय," तो म्हणाला. त्याने पानं काढली. मग लक्षात आलं की तिला वाचता येत नाही, आणि ती हातात घेऊन तो वाचून दाखवायला लागला. पहिल्या पानावर त्याचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. म्हातारी पाखडत राहिली. तूर वर जायची, खाली यायची, कोंडा त्याच्या बुटांवर उडत होता. तो गोळीपाशी आला तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी धुतलंय त्यास्नी. शिंगानं आसं गोल पडतंय व्हय? बैलं बघितल्याली हाईत मी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चार पोरं हुती पदरात. मोटं मालक रोज येऊन हुंबऱ्यात बसायचं, म्हैनाभर. एक शबुद न्हाय बोललं. रडायचं नुसतं. मलाच च्या करून द्याय लागायचा." तिने बोटाने सुपातला एक खडा वेचून टाकला. "तुमी का आलाईसा आता? ते गेलं की."

त्याला हवं ते उत्तर तयार होतं, चार पानांत होतं. त्याने पानं मिटली. तो म्हणाला, "गाडगं मी ठेवलं होतं. ते ढिगामागं हायत हे मी बघितलं होतं. मी बोललो न्हाय." आणि थांबता येईना म्हणून पुढचंही सांगितलं. रिव्हॉल्व्हर विकलं. कागद केला. त्या कागदात ज्ञानूला दरोडेखोर लिहिलंय. त्यावर माझी सही आहे.

 बनाबाईचा चांगला डोळा त्याच्यावर होता, पण ती त्याला बघतेय असं वाटत नव्हतं. घरात कुठं तरी कोंबडी कुरकुरत होती. रुद्रेश थांबला. ती शिव्या देईल याची तो वाट बघत होता. शिव्या हव्याच होत्या त्याला, एवढ्या लांब स्कूटरवरून तो त्यासाठीच आला होता, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो मान खाली घालून उभा राहिला.

"हे आयकून आमी काय करायचं, मास्तर?" ती शेवटी म्हणाली. "तुमचं पोट मोकळं झालं. आता हे रातच्याला माज्याजवळ निजायचं. लेकीला सांगू? नातवाला सांगू, तुजा आज्जा दरोडा घालत हुता म्हनून कागदात लिवलंय?" तिचा आवाज चढला नव्हता. "कागद फिरवता येतोय का तुमास्नी?"

"न्हाय. गेला तो पुण्याला. पैसे आणलेत मी, माझ्या वाट्याचे."

"ठेवा खिशात." तिने पदराने तोंड पुसलं. "मी ते कवा बघितलंच न्हाय. आवाज आला, मी उसात हुतो, मला वाटलं काहिलीखालच्या चुलवाणात काय तरी फुटलं. कसलं हुतं ते? बंदुकीगत लांब?"

"न्हाय," रुद्रेश म्हणाला. "बारकं."

"बारकं म्हंजी केवडं?"

त्याने कागद काखेत धरले आणि दोन्ही हात पुढे करून तळवे समोरासमोर आणले, थोडे जवळ, आणखी थोडे, वीतभर अंतरावर थांबवले. बनाबाई पुढे वाकली. आपलं बोट लांबवून तिने त्याच्या एका तळव्यापासून दुसऱ्यापर्यंत हवेतून नेलं, मोजल्यासारखं. मग परत एकदा नेलं.

"येवडंच?" ती म्हणाली.

तिने सूप उचललं आणि उरलेली तूर पाखडायला घेतली.